मोबाईल घरात एक, शिकणारी मुले तीन

दिवाळी झाली की बीड जिल्ह्यातून ऊसतोड मजुरांच्या टोळ्या ट्रकमध्ये, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत सगळा संसार भरून साखर कारखान्यांच्या वाटेला लागतात. आईबाप फडात जातात, लेकरे कोपीवर राहतात आणि गावाकडच्या शाळेत हजेरीपटावर त्यांच्या नावापुढे गैरहजेरी लागत जाते. मार्च-एप्रिलमध्ये कारखान्याचा पट्टा पडतो, कुटुंब परत येते, तेव्हा शाळेचे वर्ष संपत आलेले असते. वीटभट्टीवर जाणाऱ्या घरांचीही हीच गत. शहरातल्या वस्तीत पाणी शिरले, झोपडी तोडली गेली, मूल दोन महिने अंथरुणाला खिळले, तरी तेच. शाळा जागेवर राहते आणि मूल लांब जाते.

अशा लांबच्या मुलाला शिकवायचे कसे, हा प्रश्न फक्त कोरोनाच्या काळातला नाही. तो त्याआधीही होता, आजही आहे. मात्र कोरोनाने त्याचे उत्तर चुकीच्या दिशेने शोधायची सवय लावली. 'दूरशिक्षण' म्हटले की आता डोळ्यांसमोर मोठ्या पडद्याचा मोबाईल, त्यावर दिसणारे बाईंचे तोंड आणि चौकोनात बसलेली मुले एवढेच येते. ज्याच्या घरी तो मोबाईल, त्याच्या घरी शाळा. बाकीच्यांनी काय करायचे?

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या. महाराष्ट्रात वरचे वर्ग मधूनमधून उघडले, परत बंद झाले, पण पहिली ते चौथीच्या मुलांना वर्गात बसायला डिसेंबर २०२१ उजाडला. म्हणजे जे मूल पहिलीत जायचे ते शाळेचा फळा न पाहताच दुसरीत गेले. याच काळात, ऑगस्ट २०२१ मध्ये, ज्याँ द्रेझ आदी अभ्यासकांच्या पुढाकाराने देशातील पंधरा राज्ये व केंद्रशासित प्रदेशांत गरीब वस्त्यांमधील सुमारे १४०० मुलांची पाहणी झाली. त्यात महाराष्ट्रही होता. नियमितपणे ऑनलाइन शिकणारी मुले शहरात २४ टक्के आणि खेड्यात अवघी ८ टक्के निघाली. खेड्यातल्या मुलांपैकी ३७ टक्के मुले तर अजिबात अभ्यास करीत नव्हती.

आणि आता पुढचा आकडा समाजबांधवांनी नीट वाचावा. याच खेड्यांत अनुसूचित जाती-जमातींच्या मुलांमध्ये नियमित ऑनलाइन शिकणारी होती ४ टक्के. इतरांमध्ये १५ टक्के. वस्ती गरीब, गाव तेच, साथ तीच, तरी फरक जवळजवळ चौपट!

मोबाईल असतो कोणाजवळ?

कोणी म्हणेल, आता तर घरोघरी मोबाईल झाले. खरे आहे. 'असर' पाहणीनुसार ग्रामीण भागात शाळेत जाणाऱ्या मुलांपैकी २०१८ मध्ये ३६.५ टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन होता, तो २०२० मध्ये ६१.८ टक्के मुलांच्या घरी आला. पण घरी असणे म्हणजे मुलाच्या हाती असणे नव्हे, हे आपल्या घरातल्या कोणत्याही आईला विचारा. वडील सकाळी कामावर जातात, मोबाईल त्यांच्या खिशात जातो. ते वॉचमन असले तर रात्रीही नसतो. आई धुणीभांडी करून संध्याकाळी परतते. तास मात्र सकाळी अकराला. मोबाईल घरी राहिलाच तर तो आधी दहावीच्या मुलाला मिळतो, मग धाकट्याला आणि चार्जिंग उरले तर मुलीला. खोली एकच. तिथेच स्टोव्ह, तिथेच आजीचा खोकला, तिथेच शेजारच्यांची भांडणे. अशा ठिकाणी कॅमेरा सुरू करायला मुलांना लाज वाटते, हे कोणत्या परिपत्रकात लिहिलेले असते काय?

केरळ सरकारने १ जून २०२० पासून आपल्या शैक्षणिक वाहिनीवर टीव्हीवरचे वर्ग सुरू केले. काम चांगले होते. पण अडीच लाखांहून अधिक मुलांच्या घरी त्या वेळी टीव्हीही नव्हता आणि स्मार्टफोनही. वर्ग सुरू झाले त्याच दिवशी एका दलित मजुराच्या शाळकरी मुलीने आपले जीवन संपवले. घरचा टीव्ही बंद पडला होता, आपण मागे पडणार ही चिंता तिला होती, असे तिच्या घरच्यांनी सांगितले. त्यानंतर ग्रंथालये, अंगणवाड्या अशा ठिकाणी टीव्ही लावून मुलांना एकत्र बसवायची व्यवस्था वाढवण्यात आली. ही व्यवस्था पहिल्या दिवसाआधी पुरी व्हायला हवी होती, एवढेच म्हणावेसे वाटते.

रेडिओपासूनची गोष्ट

लांबून शिकवण्याची विद्या काही आजची नाही. ऑस्ट्रेलियाच्या मध्यभागी मैलोन्मैल ओसाड मुलूख. एका घरापासून दुसरे घर शंभर मैलांवर. तिथे अॅलिस स्प्रिंग्ज येथे १९५१ मध्ये 'हवेतली शाळा' सुरू झाली. विमानाने रुग्णांकडे जाणाऱ्या डॉक्टरांच्या सेवेकडे वायरलेस यंत्रणा होती, तिच्यावरून बाई धडा सांगत आणि मुले आपापल्या घरी कानाला लावून ऐकत. सुरुवातीला बाईच बोलायच्या. पण लवकरच धड्याच्या शेवटी प्रश्नोत्तरांची वेळ ठेवावी लागली. मुलाला उलट बोलता आले पाहिजे, हे त्यांना इतक्या लवकर कळले. जोडीला टपालाने धड्यांचे कागद जात, ते सोडवून परत येत आणि घरात आई किंवा दुसरे कोणी मोठे माणूस मुलाजवळ बसे.

मेक्सिकोने १९६८ मध्ये टीव्हीची माध्यमिक शाळा काढली. खेड्यात प्रत्येक विषयाला वेगळा शिक्षक मिळत नव्हता. म्हणून धडा टीव्हीवर आणि वर्गात सर्व विषयांना मिळून एकच शिक्षक. सहा हजारांवर मुलांनी सुरू झालेल्या या शाळांत आज दहा लाखांहून अधिक मुले शिकतात. लक्षात घ्या, टीव्ही आला तरी शिक्षकाला घरी पाठवले नाही.

मध्य अमेरिकेतल्या निकाराग्वा या गरीब देशात १९७४ च्या सुमारास रेडिओवर गणित शिकवण्याचा प्रयोग झाला. त्यातली युक्ती फार साधी होती. रेडिओ विचारी, "सात आणि पाच किती?" आणि गप्प बसे. तेवढ्या वेळात सगळा वर्ग ओरडून उत्तर देई. मग रेडिओ बरोबर उत्तर सांगे. धड्यात मुले नुसती ऐकत बसत नसत, सतत उत्तरे देत असत. रेडिओ संपला की पुढचा सराव वर्गातले शिक्षक घेत. चाचण्यांत ही मुले नेहमीच्या वर्गांतील मुलांपेक्षा पुढे निघाली.

आपल्या देशानेही हे केले आहे. १ ऑगस्ट १९७५ पासून एक वर्ष अमेरिकेचा उपग्रह वापरून सहा राज्यांतील सुमारे २४०० खेड्यांत टीव्ही दाखवण्यात आला. सकाळी शाळकरी मुलांचे कार्यक्रम आणि संध्याकाळी मोठ्यांचे. महाराष्ट्र त्यात नव्हता. पण पुण्यात पुढे 'बालचित्रवाणी' उभी राहिली. तिचे कार्यक्रम दूरदर्शनवर पाहिलेली पिढी आज आईबाप झाली आहे. ही संस्था २०१७ मध्ये शासनाने बंद केली. तीन वर्षांनी शाळांना कुलपे लागली आणि टीव्हीवर मुलांना शिकवणारे कोणी आहे का, याची शोधाशोध सुरू झाली. जुलै २०२० मध्ये सह्याद्री वाहिनीवर 'टिलीमिली' मालिका आली, पहिली ते आठवीसाठी, मोफत. घरातल्याच वस्तू घेऊन आईबापांसोबत करायचे उद्योग तिच्यात होते. ती चांगली होती. पण आधीची संस्था जिवंत ठेवली असती तर काय बिघडले असते, हे कोणी सांगितलेले नाही.

साधा फोन, वीस मिनिटे

या साऱ्यांत मला सर्वांत मोलाचा वाटतो तो आफ्रिकेतल्या बोट्सवाना देशाचा अनुभव. तिथे २०२० मध्ये शाळा बंद असताना सुमारे ४५०० कुटुंबे घेऊन नीट तुलना करण्यात आली. काही घरांना आठवड्याला फोनवर लिहिलेली गणिते पाठवली, म्हणजे साधा एसएमएस. काही घरांना एसएमएस पाठवून शिवाय आठवड्यातून एकदा पंधरा-वीस मिनिटे शिक्षकाने फोन केला. काही घरांना काहीच नाही. शिक्षक आईला किंवा बापाला सांगायचा, फोन स्पीकरवर ठेवा, मुलाला जवळ बसवा. मग एक गणित घालायचा आणि मूल ते कसे सोडवते हे ऐकायचा. बेरीज येत नसेल तर बेरीज, ती येत असेल तर वजाबाकी. इयत्ता कोणती, याला महत्त्व नाही, मुलाला काय येते, याला महत्त्व.

निकाल असा, की नुसत्या एसएमएसचा म्हणण्यासारखा उपयोग झाला नाही. फोन आला त्या घरातल्या मुलांचे गणित मात्र स्पष्टपणे सुधारले. पुढे भारत, नेपाळ, केनिया, युगांडा आणि फिलिपिन्स या पाच देशांत मिळून १६ हजारांहून अधिक मुलांवर हाच प्रयोग झाला आणि फोनचा उपयोग तिथेही दिसला. नेपाळ व फिलिपिन्समध्ये सरकारी शिक्षकांनीही हे फोन केले आणि त्यांचेही काम तितकेच चांगले झाले. म्हणजे त्यासाठी परदेशी संस्थाच हवी असे नाही. आपले जिल्हा परिषदेचे गुरुजी हे करू शकतात.

हिशेब करून पाहा. वर्गात तीस मुले, प्रत्येकाला वीस मिनिटे, तर आठवड्याला दहा तास होतात. शाळा बंद असताना दहा तास जड नाहीत. शाळा सुरू असताना टोळीबरोबर गेलेली पाचसहा मुलेच असतील, म्हणजे दोन तास. रात्री आठनंतर, जेव्हा बाप फडातून आणि फोन घरी आलेला असतो तेव्हा. शिक्षकाला त्यासाठी रिचार्जचे पैसे मिळाले पाहिजेत आणि रात्रीचे दोन तास त्याच्या कामात धरले गेले पाहिजेत. तो त्याचा हक्क आहे. निवडणुकीची यादी आणि जनगणना त्याच्याच डोक्यावर, वरून हेही फुकट, असे चालणार नाही.

आता साध्या फोनपेक्षा मोठे साधन असेल तर ते जरूर वापरावे. बालभारतीची पुस्तके इंटरनेटवर मोफत मिळतात. पुस्तकांत छापलेल्या क्यूआर कोडवर मोबाईल धरला की त्या धड्याची चित्रफीत उघडते. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले यांनी हे काम फार आधी सुरू केले होते, आणि २०२० मध्ये त्यांना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. परंतु चित्रफितीला डेटा लागतो. शिक्षकाने धडा आपल्याच आवाजात पाच मिनिटांचा ध्वनिमुद्रित करून पाठवला तर तो फार थोड्या डेटात उतरतो, कमी रेंजमध्येही येतो आणि बाईंचा ओळखीचा आवाज ऐकून लहान मूल कान टवकारते. टोळी निघण्याआधी शाळेतच महिनाभराचे धडे मोबाईलमध्ये भरून दिले तर फडावर डेटाची गरजच नाही.

सोलापूरच्या नीलमनगरमध्ये यंत्रमाग आणि विडी कामगारांची वस्ती आहे. तिथल्या आशा मराठी विद्यालयाने २०२० मध्ये सुमारे ३०० घरांच्या भिंतींवर धडेच रंगवले. अक्षरे, पाढे, व्याकरण, विज्ञानाच्या आकृत्या. मुले गल्लीतून जाता-येता वाचू लागली. पालघरच्या आदिवासी पाड्यांवर ध्वनिक्षेपक लावून धडे ऐकवले गेले. कोणी याला तंत्रज्ञान म्हणणार नाही कदाचित. पण मुलापर्यंत पोचले ते हेच.

सभेत काय विचाराल?

शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे सरकारी व अनुदानित शाळेच्या व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात, आणि निम्म्या जागा महिलांच्या. दुर्बल घटकांतील मुलांच्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा द्याव्या लागतात. या समितीत आपली माणसे सही करण्यापुरती जातात, ही आपल्याकडची जुनी तक्रार आहे. पुढच्या सभेला माता-भगिनींनी जावे आणि काही साध्या गोष्टी विचाराव्यात.

प्रत्येक मुलाच्या घरी काय आहे, रेडिओ, टीव्ही, साधा फोन की स्मार्टफोन, आणि तो घरात किती वाजता असतो, याची यादी शाळेकडे आहे का? नसेल तर जूनमध्येच ती करून घ्यावी. जे साधन सर्वांत गरीब घरात आहे त्यावरून योजना सुरू व्हावी. दिवाळीनंतर बाहेरगावी जाणाऱ्या मुलांचे फोन क्रमांक, कारखान्याचे नाव, जवळची शाळा कोणत्या गुरुजींनी लिहून घेतली? हंगामी वसतिगृहाची सोय असेल तर ती कोणाकोणाला मिळाली? जे मूल आईबापांबरोबरच जाणार, त्याला दर महिन्याचे कागद बांधून कोण देणार, आणि सोडवलेले कागद तपासून कोण परत पाठवणार? न तपासलेली वही मूल दुसऱ्यांदा लिहीत नाही.

वस्तीत विहार किंवा समाजमंदिर असेल तर तिथली सायंकाळची दोन तासांची जागा, एक बल्ब आणि एक टीव्ही ही मंडळाच्या हातातली गोष्ट आहे. घरात फोन नसलेली मुले तिथे बसतील. दहावी-बारावी झालेल्या एखाद्या मुलीने तिथे रोज बसावे आणि तिला मंडळाने महिन्याला काही मानधन द्यावे. जयंतीच्या वर्गणीतून थोडे बाजूला काढले तर ते होते.

आणि ऊसतोडीला जाणाऱ्या बापांना एक विनंती. मुकादमाचा फोन आला की तुम्ही हातातले काम टाकून उचलता. गुरुजींचा आला तर तोही उचला, स्पीकरवर ठेवा आणि वीस मिनिटे मुलाशेजारी बसा. उत्तर सांगू नका, तेवढे त्याला सांगू द्या.