मासा धुतला, पण जंतू गेले का?

तीन वर्षांपूर्वीची, आमच्या चाळीतली गोष्ट. शेजारच्या घरी रविवारी संध्याकाळी बांगड्याचे कालवण झाले होते. दिवस कलला की बांगड्याचा वाटा स्वस्त मिळतो, म्हणून आपल्यापैकी बरेच जण त्याच वेळी बाजारात जातात. जेवण होऊन अर्धा तास झाला नाही तोच घरातल्या दोघांचे तोंड लालबुंद झाले. डोके ठणकू लागले, अंगाला खाज सुटली, जिभेला चुरचुर. कोणी म्हणाले नजर लागली. कोणी म्हणाले मासा खाऊन वर दूध प्यायले असतील. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, सकाळपर्यंत सगळे ठीक झाले. पण ताईंचे एकच म्हणणे, "वास नव्हता हो. चार पाण्यांनी धुतला, खळखळून शिजवला. मग बाधला कसा?"

ताईंचे सगळे म्हणणे खरे होते, आणि मासा बाधला हेही खरे होते. मी कॉमर्सचा माणूस, पण हा हिशेब जुळेना म्हणून वाचत गेलो. जे कळले ते वाचक बंधू-भगिनींपुढे ठेवतो.

मासा हातात घेतला की बुळबुळीत लागतो. त्या चिकट थरात जंतूंची वस्तीच असते. माशाच्या एक चौरस सेंटिमीटर कातडीवर शंभरापासून एक कोटीपर्यंत जंतू सापडतात. कल्ल्यांत आणि आतड्यांत तर एका ग्रॅममागे हजारापासून शंभर कोटींपर्यंत. मासा ज्या पाण्यात वाढला आणि जे त्याने खाल्ले, त्यातूनच हे येतात. जिवंत, निरोगी माशावर त्यांचे असणे हा काही रोग नव्हे. उलट काही जण उपयोगी पडतात. गोड्या पाण्यातल्या तिलापियाच्या, म्हणजे आपल्या चिलापीच्या आतड्यात सेटोबॅक्टेरियम नावाचा जंतू राहतो आणि तो बी-१२ जीवनसत्त्व तयार करतो. जिवंत माशाच्या मांसात मात्र जंतू नसतात. कातडी आणि अंगातली प्रतिकारशक्ती त्यांना आत शिरू देत नाही.

मासा मेला की हा पहारा उठतो. पोटातले पाचक रस पोटच पचवू लागतात. पोट फुटलेली तारली आपण पाहतो, ती यामुळेच. मग आतड्यातले आणि कल्ल्यातले जंतू मांसात उतरतात. समुद्रातल्या माशाच्या अंगात एक निरुपद्रवी द्रव्य असते, त्याचे हे जंतू रूपांतर करतात आणि तो ओळखीचा उग्र वास सुटतो. काही जंतू तर चमकतात. अंधारात शिळा मासा निळसर उजळलेला पाहून भुताची गोष्ट रचणारे पुष्कळ भेटतील. इंग्लंडमध्ये रॉबर्ट बॉईल यांनी १६६८ च्या सुमारास असा चमकता मासा काचेच्या भांड्यात ठेवून हवा काढून घेतली. उजेड मंदावला. हवा परत सोडली, उजेड परतला.

आता ताईंचा प्रश्न. बांगडा, तारली, कुपा यांच्या मांसात हिस्टिडीन नावाचा प्रथिनाचा घटक भरपूर असतो. मासा उन्हात, उबेत राहिला की मॉर्गनेलासारखे जंतू त्याचे हिस्टामीन करतात. गोम अशी की हे होताना वास येईलच असे नाही. शिजवल्यावर जंतू मरतात, पण त्यांनी बनवलेले हिस्टामीन उकळून जात नाही, तळून जात नाही आणि गोठवूनही जात नाही. मसाला कितीही चढवा. चार पाण्यांनी धुण्याचा उपयोग बाहेरच्या थरापुरता. पुष्कळदा याला 'माशाची अॅलर्जी' समजून लोक मासे कायमचे सोडतात. एवढे स्वस्त आणि चांगले प्रथिन मुलांच्या ताटातून विनाकारण जाते. त्रास बहुधा एका दिवसात उतरतो, पण श्वास लागला किंवा घेरी आली तर घरी थांबू नये.

दुसऱ्या एका जंतूची ओळख जपानमध्ये झाली. १९५० साली ओसाका भागात उकडून अर्धवट सुकवलेली बारीक मासळी खाऊन २७२ जण आजारी पडले आणि २० दगावले. फुजिनो या शास्त्रज्ञाने त्यातून व्हिब्रिओ जातीचा खारट पाण्यात वाढणारा जंतू शोधला. हा उष्णतेने मरतो. घरात तो पोटात जातो तो बहुतेक विळीवरून. मासे कापलेल्या विळीवरच कांदा-काकडी चिरली की शिजवण्याचा फायदा संपला.

मासे साफ करणाऱ्या भगिनींसाठी एक वेगळी गोष्ट. काटा टोचल्यावर दोन-चार दिवसांनी बोट जांभळट होऊन सुजले, फार ठणकले, तर माशाच्या चिकट थरातला एक जंतू आत गेलेला असू शकतो. पेनिसिलिनने तो बरा होतो. डॉक्टरांना फक्त एवढे सांगा की मासे साफ करताना टोचले होते. ते सांगायचेच राहून जाते.

उपाय म्हणाल तर थंडीचा. आपल्या उष्ण समुद्रातल्या माशांवरचे जंतू उबेला सरावलेले असतात, बर्फात त्यांची वाढ फार मंदावते. मात्र हिस्टामीन आधीच झाले असेल तर नंतरचा बर्फ ते काढू शकत नाही. म्हणून घेताना कल्ले उघडून पाहा, लाल-ओले हवेत. पोट दाबून घट्ट आहे का बघा. कल्ले आणि आतडी तिथेच काढून घ्या. यात सगळा दोष मासेवालीच्या माथी मारू नये. बर्फ तिलाही विकत घ्यावा लागतो, आणि कित्येक बाजारांत तिला डोक्यावर छप्परही नसते. हा अर्ज करण्याचा विषय आहे आणि तो आपण गिऱ्हाइकांनीही करायला हवा.

शेजारच्या ताई आता रविवारी सकाळीच बाजारात जातात, झाकणाचा डबा बरोबर घेऊन. मासेवाली त्यात मूठभर बर्फ टाकते. वाटा थोडा महाग पडतो, म्हणून बांगडे दोन कमी येतात.