वनमार्गांवरील भाड्याच्या मोटारीचा प्रवास (चंद्रपूर व गडचिरोली जिल्हे)

चंद्रपूर व गडचिरोली या महाराष्ट्राच्या पूर्व टोकाच्या वनव्याप्त जिल्ह्यांत भाड्याने घेतलेली मोटार स्वतः चालवून केलेल्या प्रवासाची सुरक्षितता, असा या लेखाचा विषय आहे. ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्प, आलापल्लीचे सागवानी जंगल, हेमलकसा येथील लोकबिरादरी प्रकल्प, भामरागडचा त्रिवेणी संगम ही ठिकाणे पाहण्यासाठी पुण्या-मुंबईहून तसेच परदेशांतून माणसे येतात. त्यांपैकी अनेकजण नागपूर येथे मोटार भाड्याने घेऊन दक्षिणेकडे निघतात. मोटार अनोळखी, मुलूख अनोळखी आणि रस्त्यावर माणसांइतकाच वन्य प्राण्यांचा वावर, अशा तिहेरी अपरिचयामुळे या प्रवासातील धोके शहरी वाहतुकीतील धोक्यांहून वेगळे ठरतात. पूर्वी हे रस्ते खराब म्हणून ओळखले जात आणि वाहने आपोआप सावकाश चालत. आता बरेचसे रस्ते रुंद व गुळगुळीत झाले असून खरी अडचण तेथूनच सुरू होते.

प्रदेश

गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूर जिल्ह्यातून वेगळा झाला. नागपूर ते चंद्रपूर हे अंतर सुमारे दीडशे किलोमीटर आहे. चंद्रपूरहून मूल-सावलीमार्गे गडचिरोली सुमारे ऐंशी किलोमीटरवर येते. तेथून चामोर्शी, आष्टी, आलापल्ली करीत भामरागडला किंवा सिरोंचाला जाता येते. नकाशावरील अंतरांवरून येथील प्रवासाचा काळ ठरवू नये. चंद्रपूर, राजुरा, कोरपना या पट्ट्यात कोळसा व सिमेंट वाहणारे अवजड ट्रक, आष्टी-आलापल्ली-एटापल्ली भागात सुरजागडच्या लोहखनिजाची वाहतूक, तर आतल्या तालुक्यांत बैलगाड्या, सायकली व पायी चालणारी माणसे असे रस्त्याचे रूप मुक्कामागणिक बदलते. भामरागड, एटापल्ली या भागांत नक्षलवादी चळवळीच्या पार्श्वभूमीवर पोलिसांच्या नाकाबंदीची रीत पडली आहे. तेथे दिवे मंद करून थांबावे, मोटारीतील आतला दिवा लावावा व कागदपत्रे दाखवावीत.

मोटार व कागदपत्रे

स्वतः चालवण्यासाठी कायदेशीररीत्या भाड्याने मिळणाऱ्या मोटारीच्या क्रमांकाची पाटी काळी व अक्षरे पिवळी असतात. चालकासह मिळणाऱ्या टॅक्सीची पाटी पिवळी व अक्षरे काळी असतात. पांढऱ्या पाटीची खासगी मोटार ओळखीतून, थोड्या कमी पैशांत, भाड्याने देण्याचा प्रकार सर्वत्र चालतो; मात्र खासगी वापराच्या विम्यात भाड्याचा वापर बसत नाही. अपघात झाल्यास विमा कंपनी भरपाई नाकारू शकते, आणि वाचवलेल्या पैशांच्या कित्येक पट बोजा मालकावर व चालकावर येतो.

परदेशी परवानाधारकाने आपल्या देशात काढलेला आंतरराष्ट्रीय वाहनचालन परवाना मूळ परवान्यासोबत बाळगणे आवश्यक असते. भारतात वाहतूक रस्त्याच्या डाव्या बाजूने चालते. अमेरिकेत किंवा युरोपच्या मुख्य भूमीवर अनेक वर्षे मोटार चालवलेला मराठी माणूस नागपूरच्या गर्दीत सहसा चुकत नाही, कारण समोरची वाहनेच त्याला बाजू दाखवतात. चूक घडते ती रिकाम्या रस्त्यावर. जंगलात थांबून पुन्हा निघताना, अथवा चहाच्या टपरीवरून रस्त्यावर येताना, हात सवयीने उजवीकडे वळतात. आणखी एक किरकोळ वाटणारी बाब अशी की, भारतात बनलेल्या अनेक मोटारींत वळणदर्शक दिव्याची दांडी सुकाणूच्या उजवीकडे, तर काही युरोपीय बनावटीच्या मोटारींत डावीकडे असते. वळताना दिव्याऐवजी काचेवरचे वायपर चालू झाले, की चालक क्षणभर गोंधळतो. मोटार ताब्यात घेताच आवारातच दोन फेऱ्या माराव्यात, ब्रेक दाबून पाहावा, पुढचे दिवे भिंतीवर टाकून दोन्ही सारख्या उंचीवर पडतात का ते बघावे, आणि जादा चाक, जॅक व पाना जागेवर असल्याची खात्री करावी. मोटारीवर आधीपासून असलेल्या खरचट्यांची छायाचित्रे काढून ठेवणे हे तर नेहमीचेच.

ताडोबाच्या गाभा क्षेत्रात मात्र भाड्याची मोटार घेऊन सफारीला जाता येत नाही. मोहर्ली, कोलारा, नवेगाव आदी प्रवेशद्वारांपासून पुढे नोंदणीकृत जिप्सी व वनविभागाचा मार्गदर्शक लागतो. पर्यटकाची मोटार प्रवेशद्वारापर्यंतच जाते. पण प्रवेशद्वारापर्यंतचा रस्ताही जंगलातूनच जातो, याचा विसर पडतो.

अंधारातील वेग

या प्रवासातील सर्वांत मोठा धोका रात्रीचा आहे, आणि तो साध्या गणिताने समजतो. ताशी ८० किलोमीटर वेगाने मोटार एका सेकंदात सुमारे २२ मीटर जाते. अडथळा दिसून पाय ब्रेकवर पडेपर्यंत एक ते दीड सेकंद लागतो. त्यानंतर कोरड्या रस्त्यावर थांबायला आणखी सुमारे ३५ मीटर लागतात. एकूण अंतर साठ-सत्तर मीटरांच्या घरात जाते. खाली वळवलेल्या दिव्यांचा उपयुक्त प्रकाश मात्र साधारण चाळीस-पन्नास मीटरच पोहोचतो. म्हणजे या वेगाने जाणारा चालक थांबू शकेल त्यापेक्षा कमी अंतरापर्यंतच पाहत असतो. वेग ४० वर आणला, तर तेच अंतर वीस ते सव्वीस मीटरांवर येते, कारण वेग निम्मा झाला की ब्रेक लागल्यानंतरचे अंतर चतुर्थांश होते.

चितळ, रानडुक्कर, रोही (नीलगाय) व अस्वल यांची हालचाल सायंकाळी व पहाटे वाढते. चितळ कळपाने राहते, त्यामुळे एक चितळ रस्ता ओलांडून गेले की रस्ता मोकळा झाला असे समजू नये, मागे आणखी असण्याचीच शक्यता अधिक. प्रखर दिव्यांच्या झोतात प्राणी जागच्या जागी थिजतो. दिवे खाली करावेत, सरळ रेषेत ब्रेक लावावा. एकाएकी चाक वळवू नये, कारण चितळाला चुकवताना झाडावर आदळलेल्या मोटारीतील माणसे अधिक जखमी होतात. पावसाळ्यात गावची गुरे कोरड्या डांबरावर येऊन बसतात. धानाच्या कापणीनंतर बिनदिव्याच्या बैलगाड्या व रस्त्यावर वाळत घातलेले धान आढळते. बंद पडलेल्या ट्रकभोवती मागे-पुढे दगड व झाडाच्या फांद्या ठेवण्याची पद्धत आहे. रस्त्यावर पडलेली हिरवी फांदी ही पुढे उभ्या वाहनाची खूण समजावी.

मोहफुलांच्या दिवसांत, म्हणजे मार्च-एप्रिलमध्ये, गावकरी उजाडण्यापूर्वीच टोपल्या घेऊन बाहेर पडतात. अस्वलेही त्याच फुलांसाठी येतात. मे महिन्यात तेंदूपाने तोडणाऱ्यांची वर्दळ असते. पहाट ही येथे निर्मनुष्य वेळ नव्हे.

ऑक्टोबर २०२१ पासून छत्तीसगडमधून आलेला रानहत्तींचा कळप गडचिरोलीच्या उत्तर भागात वावरू लागला आणि या रस्त्यांवर आणखी एक भर पडली. हत्ती दिसल्यास दुरूनच थांबावे, भोंगा वाजवू नये, मागे सरकण्यास जागा ठेवावी. वाघ दिसल्यावर घडणारा प्रकार वेगळा असतो. मोटारी रांगेने थांबतात, काचा खाली होतात, कोणी भ्रमणध्वनी घेऊन खाली उतरतो. रांगेमुळे वाघाची वाट अडते आणि मधे सापडलेला दुचाकीस्वार सर्वांत उघडा पडतो. काच बंद ठेवून, दुचाकीस्वाराला पुढे जाऊ देऊन, शांतपणे निघून जाणे हाच शहाणपणा. छायाचित्र जिप्सीतूनही मिळते.

पावसाळा, नद्या व ठेंगणे पूल

वर्धा व वैनगंगा यांच्या संगमातून प्राणहिता होते आणि ती सिरोंचाजवळ गोदावरीला मिळते. पूर्वेकडे इंद्रावती, पामुलगौतम व पर्लकोटा या नद्या भामरागड येथे एकत्र येतात. पर्लकोटा नदीवरील पूल पाण्याखाली जाऊन भामरागडचा संपर्क तुटल्याची बातमी बहुतेक प्रत्येक पावसाळ्यात येते. आतल्या रस्त्यांवर कमी उंचीचे, कठडे नसलेले असे अनेक पूल आहेत; वृत्तपत्रांत त्यांना ‘ठेंगणे पूल’ म्हणतात.

बाहेरच्या चालकाची फसगत अशी होते, की डोक्यावर ऊन असते आणि नदीला मात्र पूर येतो. वैनगंगेवर भंडारा जिल्ह्यात गोसेखुर्द धरण आहे. त्याचे दरवाजे उघडले की खालच्या गावांत पाऊस नसतानाही पाणी चढते. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस मध्य प्रदेशातील पाऊस व धरणांतून सोडलेले पाणी यांमुळे वैनगंगेला महापूर आला आणि ब्रह्मपुरी व देसाईगंज तालुक्यांतील गावे पाण्यात गेली. इंद्रावती व पर्लकोटा यांचे पाणी तर छत्तीसगडच्या डोंगरांतून येते.

पुलावरून पाणी वाहत असेल, तर ते किती खोल आहे हे काठावरून कळत नाही आणि खालचा डांबराचा थर शिल्लक आहे की नाही हेही कळत नाही. लहान मोटारीचे वजन साधारण नऊशे ते हजार किलो असते. तिच्या तळाखालून पाणी वर येऊ लागले, की प्रत्येक दहा सेंटिमीटरला सुमारे पाच-सहाशे किलो वजन पाणी उचलून धरते. जमिनीपासून फूट-सव्वा फूट पाण्यातच चाकांची पकड सुटू शकते, मग वाहता प्रवाह मोटार सहज ढकलतो. ट्रक पार झाला म्हणून आपणही जाऊ, हा तर्क म्हणूनच जीवघेणा ठरतो.

वाट विचारणे

आतल्या तालुक्यांत अनेक ठिकाणी भ्रमणध्वनीला संकेत मिळत नाही. नकाशा आधीच उतरवून घेता येतो. परंतु तो सर्वांत कमी अंतराची वाट सुचवतो आणि ती कित्येकदा वनविभागाची कच्ची वाट असते. अशा वेळी गावकऱ्यास ‘रस्ता चांगला आहे का’ असे विचारण्यापेक्षा ‘इथून एसटी जाते का’ हे विचारावे. पहिल्या प्रश्नाचे उत्तर माणसागणिक बदलते, दुसऱ्याचे नाही. या भागात माडिया व गोंडी, सिरोंचाकडे तेलुगू बोलली जाते. सावकाश मराठीत विचारल्यास काम भागते. इंधन गडचिरोली, आष्टी, आलापल्ली अशा मोठ्या गावी भरून घ्यावे. मे महिन्यात चंद्रपूर देशातील अतिउष्ण शहरांत गणले जाते, तेव्हा चाकांतील हवा सकाळी, टायर गार असतानाच तपासावी व पिण्याचे पाणी मुबलक ठेवावे.

अपघात झाल्यास

मोटार वाहन अधिनियम, १९८८ नुसार जखमीस वैद्यकीय मदत मिळवून देणे व पोलिसांना कळवणे हे चालकाचे कर्तव्य आहे. रुग्णवाहिकेसाठी १०८ व सर्व आपत्कालीन मदतीसाठी ११२ हे क्रमांक चालतात. जखमीला मदत करणाऱ्या त्रयस्थास २०१९ च्या दुरुस्तीने कायद्याचे संरक्षण दिले आहे, म्हणून ‘नसती भानगड’ म्हणून पुढे निघून जाण्याचे कारण उरत नाही.

वन्य प्राण्यास धडक बसल्यास वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर किंवा जवळच्या नाक्यावर कळवावे. जखमी प्राण्याजवळ जाऊ नये, पाणी पाजण्याचाही प्रयत्न करू नये. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ प्रमाणे चुकून मारला गेलेला वन्य प्राणीही शासनाची मालमत्ता ठरतो आणि त्याची माहिती ४८ तासांच्या आत देणे बंधनकारक असते. मेलेले रानडुक्कर गाडीत घालून नेणे हा गुन्हा होय.

अन्यत्र

अशा प्रदेशांत मोटार भाड्याने देणाऱ्यांनी इतर देशांत करारातच अटी घातल्या आहेत. आइसलँडमध्ये डोंगराळ अंतर्भागातील कच्च्या रस्त्यांवर साधी भाड्याची मोटार नेण्यास मनाई असते. ऑस्ट्रेलियाच्या विरळ वस्तीच्या भागांत कांगारूंशी होणाऱ्या धडकांमुळे काही कंपन्या गावाबाहेर सूर्यास्तानंतर मोटार चालवू देत नाहीत.

विदर्भात २९ डिसेंबर २०१७ रोजी नागपूर-अमरावती महामार्गावर बाजारगावजवळ बोर व्याघ्र प्रकल्पातील ‘बाजीराव’ हा वाघ वाहनाच्या धडकेने मरण पावला, तेव्हा वाघांच्या भ्रमणमार्गांतून जाणाऱ्या रस्त्यांचा प्रश्न सर्वांसमोर आला. नागपूर-जबलपूर महामार्गावर पेंचच्या जंगलात रस्ता उंचावून त्याखालून प्राण्यांसाठी वाटा ठेवलेल्या आहेत आणि वाघ, चितळ, रानकुत्रे त्यांचा वापर करतात, असे तेथील कॅमेऱ्यांनी टिपले आहे. चंद्रपूर-मूल रस्ताही ताडोबातून दक्षिणेकडे जाणाऱ्या वाघांच्या वाटेला आडवा जातो.