पारा मिसळा, दोरी खाली आणा!

टीव्हीचा रिमोट घे. त्याच्या टोकाला एक छोटा दिवा असतो. त्याच्याकडे बघत बटण दाब. काही दिसलं? नाही ना! आता तोच दिवा मोबाइलच्या सेल्फी कॅमेऱ्यासमोर धर आणि पडद्यावर बघ. अरेच्चा! दिवा लुकलुकतोय! (काही मोबाइलमध्ये हा प्रकाश अडवणारी काच असते. मग घरातला दुसरा मोबाइल घेऊन बघ.)

हा अवरक्त प्रकाश! तांबड्याच्याही पलीकडचा, आपल्या डोळ्यांना न दिसणारा.

ओळख पाहू, असा प्रकाश आणखी कोण सोडतं? तू! हो, तूच! तुझं अंग उबदार आहे ना, म्हणून ते रात्रंदिवस अवरक्त प्रकाश सोडत असतं. मांजरसुद्धा सोडतं. आत्ताच गॅसवरून उतरवलेला कुकरसुद्धा!

मग मोबाइलला अंधारात तू का दिसत नाहीस?

चल, मैदानावर जाऊ. दोघांनी दोरी आडवी धरली आहे आणि बाकीच्यांनी ती उडी मारून ओलांडायची आहे. कॅमेऱ्याच्या आत असाच खेळ चालतो! तिथं सिलिकॉन नावाचा पदार्थ असतो. तो अर्धवाहक, म्हणजे वीज सहजासहजी वाहू न देणारा, पण पूर्ण अडवूनही न धरणारा. त्यातले खेळाडू म्हणजे इलेक्ट्रॉन, अगदी इवले कण. प्रकाश येतो आणि त्यांना उडीचा जोर देतो. दोरी ओलांडली की इलेक्ट्रॉन मोकळा सुटतो, वीज वाहते आणि कॅमेऱ्याला कळतं, प्रकाश आला!

पण सगळ्या प्रकाशांचा जोर सारखा नसतो. निळ्याचा भरपूर, तांबड्याचा कमी, रिमोटच्या प्रकाशाचा त्याहून कमी. आणि तुझ्या अंगातून निघणाऱ्या प्रकाशाचा? रिमोटच्या साधारण दहावा भाग! एवढ्याशा जोरावर सिलिकॉनची दोरी कशी ओलांडणार?

मग दोरीच खाली आणायची! पण ती तर पदार्थाच्या आत. हात घालून थोडीच हलवता येते?

इंग्लंडमध्ये मॉलव्हर्न गावी रडारवर संशोधन करणारी एक सरकारी संस्था होती. तिथल्या लॉसन, नीलसन, पटली आणि यंग या चौघांनी १९५९ साली एक झकास युक्ती जगापुढे मांडली. कॅडमियम आणि टेल्युरियम ही दोन मूलद्रव्यं एकत्र आली की जो पदार्थ बनतो, त्यातली दोरी सिलिकॉनपेक्षाही उंच. कॅडमियमऐवजी पारा घातला, जुन्या थर्मामीटरमधला तो चकाकता पारा, तर दोरीच गायब! मग दोन्ही मिसळले तर? दोरी मधे कुठेही, हवी तिथे!

मला यातली सर्वांत आवडती गोष्ट ही, की उंची ठरते मुख्यतः प्रमाणावर! टेल्युरियम बाजूला ठेव आणि उरलेल्यातले दहा अणू मोज. तीन कॅडमियमचे आणि सात पाऱ्याचे असले, तर तापलेल्या इंजिनाचा प्रकाश छान टिपता येतो. दोन आणि आठ केले, की तुझ्या अंगाचासुद्धा! एका अणूची अदलाबदल आणि केवढा फरक! शिवाय पाऱ्याचा अणू कॅडमियमच्या जागी इतका चपखल बसतो, की बाकीच्या अणूंना जवळजवळ सरकावंच लागत नाही.

बनवणं मात्र महाकठीण. बंद नळीत पारा तापला की त्याची वाफ आतून एवढा दाब देते, की नळी फुटायची भीती!

आणखी एक अडचण. दोरी इतकी खाली आली, की नुसत्या उबेनेच इलेक्ट्रॉन टणाटण उड्या मारू लागतात! प्रकाश नसतानाही! मग खरी उडी कुठली, कसं कळणार? म्हणून त्यांना गारठवतात. बऱ्याचदा द्रवरूप नायट्रोजन वापरून, थेट उणे १९६ अंशांपर्यंत! मग सगळे शांत!

आता वर आकाशात बघ. २५ डिसेंबर २०२१ रोजी जेम्स वेब दुर्बीण अंतराळात झेपावली. तिच्या निअरकॅम या कॅमेऱ्यात प्रकाश टिपणारे दहा तुकडे आहेत, सगळे याच मिश्रणाचे! पण सगळ्यांची दोरी सारखी नाही बरं का! आठ तुकड्यांत पारा कमी, दोरी उंच. दोन तुकड्यांत पारा जास्त, दोरी खाली. सगळीकडे खालचीच का नाही ठेवली? कारण दोरी जितकी खाली, तितक्या खोट्या उड्या जास्त! म्हणून जोरदार प्रकाशासाठी ते आठ आणि अगदी कमी जोराच्या प्रकाशासाठी हे दोन!