पुठ्ठ्याचा आडोसा

26 एप्रिल 2024, हिंगोली लोकसभेचं मतदान. हिमायतनगर तालुक्यातल्या एका शाळेत आमचं केंद्र होतं. यंत्र जोडणं प्रशिक्षणात पाठ झालेलं. आदल्या संध्याकाळी वेळ गेला तो पुठ्ठ्याचा आडोसा मांडण्यात. खिडकीतून, दारातून, आमच्या टेबलावरूनही बटणावरचं बोट दिसता कामा नये. बाक सरकवत अखेर फळ्याजवळचा कोपरा सापडला.

पहाटे साडेपाचला उमेदवारांच्या प्रतिनिधींसमोर अभिरूप मतदान. किमान 50 मतं, व्हीव्हीपॅटच्या चिठ्ठ्यांशी पडताळणी, मग यंत्र कोरं करून सील. सातला रांग लागली. यादीतलं नाव मोठ्यानं वाचायचं, डाव्या तर्जनीला शाई, नोंदवहीत सही किंवा अंगठा. इथवर सगळं उघड्यावर. पुढचं फक्त मतदाराचं.

हा आडोसा सगळीकडे पहिल्यापासून नव्हता. सम्राटाच्या जपानात 1 जुलै 1890 ला संसदेची पहिली निवडणूक झाली, तेव्हा असा आडोसा नव्हताच. 25 वर्षांवरचे आणि 15 येन कर भरणारे पुरुष तेवढे मतदार, म्हणजे लोकसंख्येच्या जेमतेम 1 टक्का. मतपत्रिकेवर उमेदवाराबरोबर स्वतःचंही नाव, पत्ता आणि वर मोहोर! गावातल्या बड्या धेंडाविरुद्ध असा कागद पेटीत टाकायला छातीच लागत असणार. गुप्त मतदान तिथं 1900 च्या कायद्यानं आलं, बायकांचं मत थेट 1946 ला. 1948 पर्यंत निजामाच्या अमलात असलेल्या आमच्या भागात 1951-52 ला पहिली सार्वत्रिक निवडणूक झाली, ती सगळ्या प्रौढ बाया-माणसांना मत देऊन. अक्षर न येणाऱ्यांसाठी प्रत्येक उमेदवाराची चिन्ह लावलेली वेगळी पेटी, तीही आडोशामागेच. मला याचा फार अभिमान वाटतो.

दुपारी आमच्या केंद्रावर एक आजी नातवाचा हात धरून आल्या.

"आजी, चिन्ह दिसतं का?"

"न्हाई बापू, नुसतं धुकट दिसतंय."

नातवाकडून गुप्तता पाळण्याचं प्रतिज्ञापत्र घेतलं, त्याच्या उजव्या तर्जनीला शाई लावली आणि सोडलं. थोड्या वेळानं तोच पोरगा शेजारच्या अंध आजोबांना घेऊन हजर. एका दिवशी एकाच मतदाराचा सोबती होता येतं, म्हणून केंद्राध्यक्षांनी अडवलं. पोरगा चिडला, "आमच्या गल्लीतलेच हायेत सर!" त्याचा हेतू चांगलाच असेल. पण ही सूट मिळाली तर गल्लीतला एखादा पुढारी दिवसभर म्हाताऱ्यांचे हात धरून आत जाईल, आणि पुठ्ठा नुसता नावाला उरेल. आजोबांचा मुलगा शेतातून येईपर्यंत आम्ही त्यांना सावलीत खुर्ची दिली.

सहाला रांगेच्या शेपटाकडून चिठ्ठ्या वाटल्या. शेवटचं मत पडल्यावर नोंदवही आणि यंत्राचा आकडा जुळवला, मतांच्या हिशेबाचा नमुना 17 सी भरला आणि सहीची एकेक प्रत प्रतिनिधींच्या हातात दिली.