गोड्या पाण्याला तहानलेली आगबोट

लोखंडाचा तुकडा पाण्यात टाका, सरळ तळाला जातो. भिलाईत हे कुणाला वेगळं सांगायला नको. नेहरू नगरातल्या कितीतरी घरांनी आयुष्यभर पोलादाचा तापही पाहिलाय आणि वजनही. पाण्यापेक्षा जवळपास आठपट जड अशी ही वस्तू! तरीही इथल्या प्लेट मिलमधून लाटून निघालेलं पोलाद २०२२ साली नौदलात दाखल झालेल्या ‘विक्रांत’ या युद्धनौकेच्या अंगावर आहे आणि ते समुद्रावर मजेत तरंगतंय. ही किमया पोकळीची. बोटीचं पोट हवेने भरलेलं असतं. पोलाद, माणसं, सामान आणि ती हवा या सगळ्यांची मिळून सरासरी काढली की हिशेब पाण्यापेक्षा हलका निघतो.

पण नुसतं तरंगून काय होणार? जायचं कसं?

कोकणचंच बघा. मुंबई हे मुळात बेट. सह्याद्री आडवा, खाड्या उभ्या-आडव्या, त्यामुळे रत्नागिरीच्या माणसाला मुंबई गाठायची तर समुद्रच सोपा. मुंबई–ठाणे आगगाडी १८५३ साली धावली, कोकण रेल्वेचा पूर्ण मार्ग खुला झाला १९९८ साली. मधली जवळजवळ दीडशे वर्षं गिरण्यांना कामगार, घराघरांना मनीऑर्डरी आणि बाजाराला हापूस पुरवला कुणी? बऱ्याच अंशी बोटींनी.

आधी शिडं होती. शाळेत पाठ केलेले खारे वारे आणि मतलई वारे आठवतात? दुपारी समुद्राकडून जमिनीकडे, रात्री जमिनीकडून समुद्राकडे. कोकणातले तांडेल याच दोन वाऱ्यांच्या पाळ्या सांभाळत उत्तरेकडे सरकत. वारा पडला की गलबत थांबलं. आज निघालेला माणूस परवा पोचेल की आठवड्याने, हे वाऱ्यालाच ठाऊक! वाफ आली आणि समुद्राला चक्क वेळापत्रक मिळालं.

ते सहज मिळालं नाही. मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्याने सागवानी लाकडाची ‘ह्यू लिंडसे’ ही आगबोट बांधली आणि मार्च १८३० मध्ये ती सुएझकडे निघाली. कोळसा ठेवायची जागा होती जेमतेम पाच-सहा दिवसांपुरती आणि पहिला थांबा, एडन, होता अकरा दिवसांवर. मग जिथे फट दिसेल तिथे कोळसा कोंबला. एडनला पोचली तेव्हा शिल्लक होता सहा तासांचा कोळसा. विचार करा, सहा तास! तीनच वर्षांनी याच घराण्यातल्या अर्देशीर कर्सेटजींनी ‘इंडस’ ही छोटी आगबोट पाण्यात सोडली. पुढे १८४१ साली ते लंडनच्या रॉयल सोसायटीचे पहिले भारतीय फेलो झाले.

कोळशाचं समजलं. पण आगबोटीची खरी पंचाईत पाण्याची होती. चहूकडे पाणी आणि बॉयलरला प्यायला थेंब नाही. समुद्राच्या एका लिटरमध्ये साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. ते पाणी उकळलं की वाफ वर जाते आणि मीठ मागे राहतं. बॉयलरच्या पत्र्यांवर आतून पुटं चढतात, उष्णता पाण्यापर्यंत पोचत नाही, पत्रा लाल होतो आणि कधीतरी फुटतो. म्हणून सुरुवातीच्या बोटींवर ठरावीक वेळाने उकळतं खारं पाणी समुद्रात ओतून द्यावं लागे. तेवढ्यासाठी जाळलेला कोळसा पाण्यात!

उपाय किती देखणा निघाला पाहा. काम करून दमलेली वाफ बाहेर सोडायचीच नाही. तिला एका पेटीत न्यायचं, पेटीत बारीक नळ्यांचं जंगल, नळ्यांच्या आतून थंड समुद्राचं पाणी खेळतंय. बाहेरून नळीला वाफ शिवली की तिचं पुन्हा गोडं पाणी होतं आणि ते बॉयलरकडे परत जातं. खारं नि गोडं, मध्ये फक्त नळीची भिंत. तेच ते पाणी गोल गोल फिरत बोट चालवत राहतं.

आणि गंमत इथेच संपत नाही. पाण्याची वाफ झाली की ती साध्या दाबाला सोळाशेपटीहून जास्त जागा व्यापते. मग वाफेचं पाणी झालं की तेवढी जागा एकदम रिकामी होते ना? पेटीत पोकळी तयार होते. त्यामुळे इंजिनातल्या दट्ट्याच्या एका बाजूला वाफेचा दाब आणि दुसऱ्या बाजूला जवळजवळ काहीच नाही. म्हणजे थंड होतानाही वाफ बोट ढकलायला मदत करते!

याच्यावर कडी केली तिहेरी इंजिनाने. गुऱ्हाळात ऊस एकदा पिळून टाकत नाहीत, दुमडून पुन्हा चरकात घालतात, मग परत. वाफेचंही तसंच केलं. आधी लहान सिलिंडरमध्ये जोराच्या दाबाने, मग मधल्यात, शेवटी सगळ्यात मोठ्यात. दाब उतरत जातो तसं सिलिंडर मोठं होत जातं, कारण अशक्त वाफेला ढकलायला रुंद दट्ट्या लागतो. १८८१ साली बांधलेलं ‘अबर्डीन’ नावाचं जहाज या इंजिनाच्या बळावर इंग्लंडहून ऑस्ट्रेलियाला गेलं, वाटेत कोळसा घेतला फक्त एकदा. ‘ह्यू लिंडसे’च्या त्या सहा तासांनंतर अवघ्या पन्नासेक वर्षांनी.

आपल्या किनाऱ्यावर तेव्हा शेफर्ड कंपनीच्या बोटी होत्या. त्यांतल्या एका बोटीला कोकणातल्या नदीचं नाव होतं, ‘वैतरणा’. १८८५ साली स्कॉटलंडमध्ये बांधलेल्या या बोटीवर विजेचे दिवे होते. एडिसनचा दिवा पेटून जेमतेम सहा वर्षं झालेली! लोकांनी तिचं नावच ‘वीजळी’ ठेवलं. कच्छच्या मांडवीहून मुंबईला येताना नोव्हेंबर १८८८ मध्ये सौराष्ट्राजवळ वादळात ती सातशेहून अधिक माणसांसह नाहीशी झाली.

पुढे बॉम्बे स्टीम नॅव्हिगेशन कंपनीच्या बोटी कोकणचा नित्यक्रम बनल्या. हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ला. बहुतेक ठिकाणी बोट धक्क्याला लागतच नसे. ती खोल पाण्यात उभी राही आणि पडावातून माणसं, ट्रंका, आंब्याच्या पेट्या हेलकावत तिच्या अंगाशी जात. डेकवर सतरंजी अंथरून जागा धरायची, बोट लागली तर लिंबू हुंगायचं. पावसाळ्यात लांबचा मार्ग बंद. मुंबई बंदराच्या आसपासच्या, रेवस-धरमतरच्या फेऱ्या मात्र चालू राहत.

आता शेवटचा चमत्कार, तितकाच भीषण. बोट उभी कशी राहते? वजन एका बिंदूतून खाली ओढतं, पाणी दुसऱ्या बिंदूतून वर ढकलतं. बोट डावीकडे कलली की पाण्याखालच्या भागाचा आकार बदलतो, पाण्याचा रेटाही डावीकडे सरकतो आणि बोटीला परत सरळ करतो. पाणीच तिला सावरतं! अट एवढीच, वजनाचा बिंदू फार वर जाता कामा नये आणि एका कुशीला सरकताही. हे गणित प्येर बूगे या फ्रेंच विद्वानाने १७४६ साली प्रसिद्ध केलं. त्याचं बरंचसं लेखन झालं होतं दक्षिण अमेरिकेच्या डोंगरांत, पृथ्वीचं माप घेताना. समुद्रापासून दूर बसून जहाजांचं कोडं सुटलं, हे भिलाईकरांना आवडावं.

मालाच्या पेट्या दोरांनी बांधता येतात, माणसं बांधता येत नाहीत. १७ जुलै १९४७, गटारी अमावस्येचे दिवस. १९३६ साली बांधलेली ‘रामदास’, जेमतेम १७९ फूट लांब, सकाळी भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघाली. कोकणातल्या प्रवाशांसाठी देशी मंडळींनी काढलेल्या कंपनीची ही बोट, म्हणून संताचं नाव. पावसाचा मारा, खवळलेला समुद्र. लाटांच्या तडाख्याने बोट कलली, घाबरलेले प्रवासी एका बाजूला धावले आणि काशाच्या खडकाजवळ ती उलटली. सहाशेहून अधिक माणसं गेली. बोटीवर बिनतारी यंत्र नव्हतं, त्यामुळे मुंबईला संध्याकाळपर्यंत पत्ताच नाही. रेवसच्या कोळ्यांनी मासेमारीच्या होड्या घालून जमतील तितकी माणसं वाचवली. त्याआधी वीस वर्षं, ११ नोव्हेंबर १९२७ या एकाच दिवशी ‘तुकाराम’ आणि ‘जयंती’ बुडाल्या होत्या. माझ्या मते दोष वाफेचा नव्हताच. तंत्र पुरेसं शहाणं होतं, हवामानाचा अंदाज, बिनतारी संदेश आणि गर्दीची शिस्त मागे राहिली होती.

नंतर डिझेल आलं, चौगुल्यांच्या ‘कोकण सेवक’ नि ‘कोकण शक्ती’ धावल्या, घाटरस्ते आणि एसटी वाढली, आणि लांबच्या पल्ल्याची बोटसेवा बंद पडली. मार्च २०२० मध्ये भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला मोटारींसकट नेणारी रो-रो बोट सुरू झाली, आणि रेवसची लाँच तर आहेच.

अकराशे किलोमीटर गाडीने मुंबईला जाल तेव्हा अर्धा दिवस काढा आणि ती लाँच पकडा. मिळाली तर खालची बाक धरा. आणि लाट आली, बोट कलली, तर धावू नका. बसून राहा.