खड्डा खणण्याआधी राखण ठरवा
वरकस जमिनीवर झाड आणि पीक जोडीनं घेताना



चिखलोली, मूळगाव, राहटोली, मांगरूळ हा आपला पट्टा नकाशावर भरपूर पावसाचा दिसतो. वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस होतो. पण तो होतो चार महिन्यांत. दिवाळी उलटली की माळ वाळायला लागतो आणि मार्चनंतर वरकसावर अनवाणी चालवत नाही. चिखलोलीचं धरण उशाशी असलं तरी त्याचं पाणी अंबरनाथ शहराच्या नळाला जातं. म्हणून ज्यांच्याकडे विहीर किंवा बारमाही ओढा नाही, त्यांनी आपली जमीन आठ महिन्यांची कोरडवाहू समजूनच आखणी करावी. अशा जमिनीत नुसतं पीक वर्षाला एकदाच पैसा देतं आणि नुसतं झाड पाच-सहा वर्षं काहीच देत नाही. दोन्हींची जोडी घातली तर घर चालतं.

ही रीत आपलीच

झाड आणि पीक एकत्र घेणं हे काही बाहेरून आलेलं शास्त्र नव्हे. आपल्या वाडवडिलांनी खाचरात भात आणि वरकसावर ऐन-किंजळ राखले. वरकसावर नागली, वरी, तीळ पिकवायचा, ऐनाच्या फांद्या छाटून राब भाजायचा आणि त्या राखेवर भाताची रोपं करायची. भाताला लागणारी वरकस त्या शेताचाच भाग मानली जाई. इंग्रज सरकारनं जंगलाचे नियम कडक केले, तेव्हा राबाच्या हक्कावरून ठाणे-कुलाबा भागात एवढी ओरड झाली की चौकशीसाठी आयोग नेमावा लागला. त्याचा अहवाल १८८७ साली आला. पुढे २०१४ मध्ये केंद्र सरकारनं राष्ट्रीय कृषिवनीकरण धोरण जाहीर केलं. असं धोरण करणारा भारत जगातला पहिला देश ठरला.

मग अडतंय कुठे? आपल्याकडे रोपं लावली जातात, पण ती जगत नाहीत.

रोप मरतं ते उन्हाळ्यात

पावसाळ्यात लावलेलं रोप दसऱ्यापर्यंत झकास दिसतं. त्यानंतर त्याचे तीन वैरी येतात : मोकाट गुरं, वणवा आणि तहान. २०१७ च्या जुलैमध्ये आपल्याच तालुक्यात मांगरूळच्या टेकडीवर हजारो हातांनी सुमारे एक लाख रोपं लावली. पुढे तिथे वणवे लागले आणि हजारो रोपं होरपळली. एवढ्या मोठ्या कामाची ही गत झाली, तर एकट्या शेतकऱ्याच्या चाळीस कलमांचं काय होईल, याचा विचार आधी करावा.

आता अहिल्यानगर जिल्ह्यातलं हिवरे बाजार पाहा. तिथे पाऊस आपल्या पाचव्या हिश्शाएवढाही नसतो. १९८९ साली पोपटराव पवार सरपंच झाले. त्यानंतर गावानं पाणलोटाची कामं केली, झाडं लावली आणि त्याच्या जोडीला चराईबंदी व कुऱ्हाडबंदी पाळली. मोकाट चराई थांबली, गवत कापून घरी नेणं सुरू झालं आणि झाडोरा वर आला. आपल्यापेक्षा फार कमी पावसावर हे झालं, म्हणजे निव्वळ पाऊस कमी म्हणून झाड मरतं, असं आपल्याला म्हणता येत नाही.

तेव्हा ग्रामपंचायतीच्या कारभाऱ्यांना विनंती अशी की, रोपवाटपाच्या आधी ग्रामसभेत राखणीचा विषय घ्या. भात निघाल्यावर कोणत्या अंगाला गुरं सोडायची आणि कोणतं अंग राखायचं, ते ठरवा. बंदी घालताना शेळ्यांवर पोट असलेल्या घरांना विसरू नका. राखलेल्या रानातलं गवत आणि पाला कापून नेण्याचा हक्क त्यांना द्या. नाहीतर बंदी चार दिवस टिकायची नाही, आणि त्यात दोष त्यांचा नसेल. वणव्यासाठी लागवडीच्या चहूबाजूंनी सहा-सात हात रुंदीचा पट्टा गवत काढून साफ ठेवावा. हे काम दिवाळी ते नाताळ या काळात उरकावं.

पाण्याचा हिशेब घरात मांडा

एकरी किती कलमं लावायची? आंबा दहा बाय दहा मीटरवर धरला तर एकराला चाळीस बसतात. एका कलमाला आठवड्याला पंधरा लिटर पाणी धरा. चाळीस कलमांना सहाशे लिटर झालं, म्हणजे दोनशे लिटरची तीन पिंपं, दर आठवड्याला, फेब्रुवारी ते मे, पहिले दोन-तीन उन्हाळे. हे पाणी चढावर वाहणार कोण? बहुतेक घरांत ते बाईच्याच डोक्यावर येतं. तेव्हा कलमांचा आकडा तिला विचारून ठरवा. दहा झाडांचं पाणी होत असेल तर दहाच लावा. मेलेल्या चाळीसपेक्षा जगलेली दहा बरी. पुढच्या वर्षी आणखी दहा लावता येतात.

पाणी वाचवायला मटका पद्धत सोपी आहे. बुडाला बारीक भोक पाडून त्यात कापडाची वात घातलेलं मडकं रोपाजवळ पुरावं आणि तोंड झाकावं. आळ्यात पेंढा किंवा पालापाचोळा चार बोटं जाड अंथरावा, मात्र खोडापासून वीतभर लांब ठेवावा, म्हणजे वाळवी चढत नाही.

एका एकराची मांडणी

'वाडी' हा शब्द आता बऱ्याच जणांच्या कानावरून गेला असेल. मणिभाई देसाई यांनी १९६७ साली उरुळीकांचनला स्थापन केलेल्या 'बाएफ' संस्थेनं १९८२ मध्ये गुजरातेतल्या वांसद्याच्या आदिवासी भागात ही पद्धत सुरू केली. पुढे ती आपल्या जव्हारकडेही आली. त्यात मध्ये फळझाडं, त्यांच्या ओळींत पिकं आणि कडेला जळण-लाकडाची झाडं असतात. आपल्या वरकसाला ती अशी बसवावी :

१) आंब्याच्या ओळींमध्ये पहिली पाच-सहा वर्षं नागली, वरी, उडीद, तूर किंवा तीळ घ्यावा. खोडाभोवती दीड हात जागा मोकळी सोडावी. झाडं मोठी होऊन सावली दाटली की सुरण, हळद यांसारखी सावली सोसणारी पिकं घ्यावीत.

२) जांभूळ ओढ्याच्या किंवा नाल्याच्या अंगाला लावावं. त्याची सावली दाट, म्हणून मधोमध नको. बदलापूरच्या जांभळाला भौगोलिक मानांकन मिळालं आहे आणि कल्याण-मुंबईचा बाजार हाकेच्या अंतरावर आहे. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाची 'कोकण बहाडोली' ही जातही चांगली आहे. मात्र जांभळाची फांदी ठिसूळ असते. तोडणीला चढताना कमरेला दोर बांधल्याशिवाय कुणाला झाडावर पाठवू नका.

३) भातानंतर वाल घेत असाल तर उंच झाडं उत्तरेच्या बांधावर लावा. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कलतो, त्यामुळे सावली उत्तरेला पडते आणि तुमचा वाल उन्हात राहतो. पण ती सावली शेजाऱ्याच्या शेतात जाते. त्याच्याशी आधी बोला, पुढची कटकट टळेल.

४) बांबू भाताच्या बांधावर नको. तो नाल्याकाठी किंवा कोपऱ्यात लावावा. ऑस्ट्रेलियन बाभूळ शेतात आणूच नये. तिचा पाला लवकर कुजत नाही आणि खाली गवतही धड येत नाही.

गिरिपुष्प : बांधावरचं खत

एकच झाड लावायचं असेल तर गिरिपुष्प लावा. काही ठिकाणी त्याला उंदीरमारी म्हणतात. मृगाच्या आसपास अंगठ्याहून जाड, दोन-तीन हात लांब फाटे बांधावर रोवले की फुटतात. गुरं सहसा तोंड लावत नाहीत, त्यामुळे त्याचं कुंपणही होतं. भाताच्या चारसूत्री पद्धतीत डॉ. नारायण सावंत यांनी गिरिपुष्पाला एक सूत्रच दिलं आहे. चिखलणीआधी गुंठ्याला साधारण ३० किलो हिरवा पाला टाकावा. कोवळा पाला लवकर कुजतो, त्याच्या काड्या जळणाला होतात. त्याच पद्धतीत रोपवाटिकेला भाताच्या तुसाची काळी राख, चौरस मीटरला अर्धा ते एक किलो, मातीत मिसळायला सांगितली आहे. हे दोन्ही जमलं तर राबासाठी ऐन सोलून काढायची गरज उरत नाही. दरवर्षी शेंड्यापर्यंत छाटून आपल्या ऐनांचे नुसते खांब झाले आहेत, त्यांना थोडा विसावा मिळू द्या.

कागद विसरू नका

लावलेलं झाड सातबाऱ्यावर आलं पाहिजे. ई-पीक पाहणीत बांधावरच्या झाडांची नोंद मोबाईलवरून करता येते. जमत नसेल तर तलाठ्याकडे (आता ग्राम महसूल अधिकारी) जावं. आपल्या भागात रस्ते आणि रेल्वेच्या कामांसाठी जमिनी जात आहेत. संपादनात झाडांचं मूल्यांकन वेगळं होतं, पण नोंद नसली तर झाड दाखवूनही वाद घालत बसावं लागतं. साग, खैर, ऐन, किंजळ अशी झाडं स्वतःच्या शेतातली असली तरी १९६४ च्या वृक्षतोड कायद्याप्रमाणे परवानगी घेऊनच तोडावी लागतात. बांबूचं तसं नाही. २०१७ मध्ये केंद्राच्या वन कायद्यात बदल झाला आणि वनाबाहेरचा बांबू 'झाड' या व्याख्येतून निघाला.

आपल्याकडे गुंठ्याचे भाव वाढत चालले आहेत, आणि पडीक दिसणारा माळ सगळ्यांत आधी विकला जातो. ज्या माळावर दहा आंबे, चार जांभळं आणि बांधाला गिरिपुष्प उभं आहे, तो विकताना माणूस दोनदा विचार करतो. तेव्हा रोपांची मागणी नोंदवण्याआधी आज रात्री घरात बसून तीन गोष्टी ठरवा : पाणी कोण घालणार, गुरं कोण आवरणार आणि वणव्याचा पट्टा कोण काढणार. ही तीन नावं ठरली की मगच कुदळ उचला.