निकालाआधीचा ताबा

लग्नच झालेलं नाही, तर घटस्फोट कसला? एकत्र राहणारं जोडपं वेगळं होतं तेव्हा कागदावर मोडायला काही नसतं. पण तीन वर्षांचं लेकरू असतं, आणि ते कुणाकडे राहणार हा प्रश्न निकालापर्यंत थांबत नाही. हिंदू विवाह कायद्यातली अंतरिम ताब्याची सोय इथे मिळत नाही. ती नवरा-बायकोच्या दाव्यांसाठी आहे. मग वाट धरावी लागते ती १८९०च्या पालक व पाल्य कायद्याची. त्यातल्या कलम १२ खाली न्यायालय मुलाला हजर करायला सांगू शकतं आणि तात्पुरता ताबा कुणाकडे ते ठरवतं. (अल्पवयीन मुलीचा ताबा ‘मी हिचा नवरा’ म्हणणाऱ्याला सहजी देऊ नये, अशी तजवीजही याच कलमात आहे. काळ कोणता होता ते कळतं.)

आईबाप हिंदू असतील तर १९५६च्या कायद्यानुसार अशा मुलाची नैसर्गिक पालक आई, बाप तिच्यानंतर. २०१५ साली सर्वोच्च न्यायालयाने एका अविवाहित ख्रिस्ती आईला पालकत्वाच्या अर्जात वडिलांचं नाव उघड करण्याची सक्ती नाही, असा निर्णय दिला. म्हणजे पारडं सुरुवातीलाच आईकडे झुकलेलं. पितृत्वावरच वाद असेल, तर बापाला आधी बाप असल्याचं दाखवावं लागतं: जन्मदाखला, शाळेचा अर्ज, वेळ पडली तर डीएनए चाचणी. मात्र म्हणून त्याची भेटही आपोआप बंद होत नाही. कसोटी मुलाच्या हिताची.

घरात मारहाण असेल तर बाईला दुसरा दरवाजा आहे. २००५चा कौटुंबिक हिंसाचार कायदा विवाहसदृश नात्यालाही लागू होतो, आणि कलम २१ खाली दंडाधिकारी मुलाचा तात्पुरता ताबा तिला देऊ शकतात. भेटीने मुलाला धोका असेल तर भेट नाकारूही शकतात.

आदेशात असतं काय? साधारण असं: शनिवारी अकरा ते एक न्यायालयातल्या मुलांच्या खोलीत भेट, संध्याकाळी व्हिडिओ कॉल, परवानगीशिवाय मुलाला शहराबाहेर नेऊ नये, पासपोर्ट जमा. दिवाळीची सुट्टी कुणाकडे, आजारपणात कोणाला कळवायचं, हे बहुतेकदा राहून जातं आणि पुढची भांडणं तिथूनच सुरू होतात.

माझ्या मते सगळ्यात जास्त काळजी याच टप्प्यावर घ्यायला हवी, आणि नेमकी इथेच घाई होते. दोन प्रतिज्ञापत्रं, फार तर समुपदेशकाचा अहवाल, एवढ्यावर आदेश होतो. मग तारखांवर तारखा. तोवर मूल शाळेत, शेजारात, आजीच्या हातच्या वरणभाताला रुळलेलं असतं. अंतिम सुनावणीत ‘आता त्याला हलवू नका’ हा युक्तिवाद भारी पडतो. कायद्याने ताब्याचा कुठलाच आदेश कायमचा नसतो. परिस्थिती बदलली की बदल मागता येतो. पण बदल झाल्याचं दाखवण्याचं ओझं मागणाऱ्यावर.

पोटगी वेगळी. ताबा आईकडे असो, भेट ठरलेली असो वा नसो, विवाहबाह्य मुलालाही बापाकडून निर्वाहखर्च मागता येतो. पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १२५ होतं, आता नागरिक सुरक्षा संहितेचं १४४. तो अर्ज दंडाधिकाऱ्यांकडे किंवा, जिथे असेल तिथे, कौटुंबिक न्यायालयात स्वतंत्रपणे करावा लागतो.